सापडेल असं ठेव

चि. चिऊ,

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "आत्या, फाइन्डेबलला मराठीत एक शब्द सांग ना, अर्जंट आहे." मी गाढ झोपेत. सकाळी कळवलं, "सापडण्याजोगं." त्यावर तू एक अंगठा पाठवलास आणि खाली लिहिलंस, "सर म्हणतात जरा भारदस्त हवा." सरांना 'सुलभशोध्य' दे, 'शोधक्षम' दे. फलकावर शोभेल. पण जिची 28 वर्षं तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं लावण्यात आणि न सापडणारी पुस्तकं हुडकण्यात गेली, त्या बाईला तू हा शब्द विचारलास. एका अंगठ्यावर तुझी सुटका नाही. चहा घेऊन बस.

इंग्रजीत क्रियापदाच्या शेपटीला 'एबल' लागलं की 'तसं करता येण्याजोगं' असा अर्थ होतो, हे तुला माझ्याकडून शिकायला नको. धुता येतं ते वॉशेबल. आणि फोनवरची बाई दिवसातून दहादा सांगते तो नॉट रिचेबल. हा तर आता मराठीच शब्द झालाय, पक्ष फुटायच्या आदल्या रात्री आमदार नॉट रिचेबल होतात. गंमत बघ, तो आमदार कुठल्या हॉटेलात आहे हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणजे गडी फाइन्डेबल आहे, रिचेबल नाही. या दोन शब्दांत लोक गल्लत करतात ती इथेच.

तशीच गल्लत ॲक्सेसिबलशी होते. आमच्याकडे काचेचं एक कपाट होतं, दुर्मिळ पुस्तकांचं. कुलूप कायम, किल्ली अध्यक्षांच्या घरी, अध्यक्ष मुलाकडे मुंबईला. आतलं पुस्तक वाचकाला दिसायचं, पाठकण्यावरचं नाव वाचता यायचं, हातात मात्र यायचं नाही. ते फाइन्डेबल होतं, ॲक्सेसिबल नव्हतं. उलट उघड्या फळीवर चुकीच्या जागी खोचलेलं पुस्तक कुणीही हात लांबवून घ्यावं असं असतं, फक्त ते तिथं आहे हे कुणाला माहीत नसतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. 'अव्हेलेबल' तर या दोघांच्याही अलीकडे. आमच्या नोंदवहीत ही दोन्ही पुस्तकं 'उपलब्ध' होतीच की!

सर्चेबलकडे मात्र नीट लक्ष दे, कारण तुमची पिढी त्यालाच फाइन्डेबल समजते. सर्चेबल म्हणजे आत शोध घेता येतो, एवढंच. वर शोधाची चौकट आहे, त्यात शब्द टाकता येतो. शोध घेतल्यावर हवं ते हाती लागेल याची हमी त्यात कुठेही नाही. चार हजार निकाल आले आणि तुझा चार हजारावा असला, तर चौकट सर्चेबल, तुझी फाइल मात्र हरवलेलीच. आपल्याकडे हा फरक दोन वेगळ्या क्रियापदांनी होतो. 'शोधलं, पण सापडलं नाही' हे वाक्य पोर तीन वर्षांचं असल्यापासून बोलतं. शोधणं आपल्या हातात, सापडणं त्या वस्तूच्या.

हे मी उगाच म्हणत नाही. 'मला किल्ली सापडली' हे वाक्य घे. 'सापडली' कुणाप्रमाणे चाललं? किल्लीप्रमाणे. मी त्यात नुसती 'मला' म्हणून बाजूला उभी. इंग्रजीत माणूस किल्लीला 'फाइंड' करतो, मराठीत किल्ली माणसाला सापडते. म्हणून सापडण्याजोगं असणं हा वस्तूचा गुण आहे हे इंग्रजाला वेगळा शब्द घडवून सांगावं लागतं, आपल्या व्याकरणात ते आधीपासून बसलेलं आहे. (हरवण्याच्या बाबतीतही आपण किल्लीलाच पुढे करतो. 'किल्ली हरवली' म्हणतो, स्वतः नामानिराळे. ही आपली जुनी खोड.)

डिस्कव्हरेबल आणि ट्रेसेबल उरकून टाकते. वाचक एक पुस्तक घ्यायला आला आणि शेजारचं, ज्याचं नावही त्याने ऐकलं नव्हतं, ते घेऊन गेला, तर ते शेजारचं डिस्कव्हरेबल. त्याला आपला 'गवसणं' हा शब्द चपखल बसतो, कारण गवसतं ते बऱ्याचदा न शोधता. आणि माग काढता येतो ते ट्रेसेबल. नाशिकची द्राक्षं युरोपात जातात तेव्हा पेटीवरच्या खुणेवरून ती कुठल्या बागेतली इथपर्यंत मागे जाता येतं. अपेडा या सरकारी संस्थेने त्यासाठी ग्रेपनेट नावाची व्यवस्था उभी केली. तिथे पेटी हातात आहेच, प्रश्न ती आली कुठून हा. फाइन्डेबलमध्ये वस्तूच हातात नाही.

आता कानात सांगायची गोष्ट. सापडेल असं ठेवायचं कसं, हे मला कुठल्या अभ्यासक्रमात मिळालं नाही, अत्र्यांच्या 'कऱ्हेचे पाणी'ने शिकवलं. ते पुस्तक माझ्या हातून दोनदा हरवलं.

पहिल्यांदा नोकरीच्या पहिल्या वर्षी. कुणाच्या तरी घरून दोन पोती पुस्तकं देणगी आली होती आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालय निरीक्षक यायचे होते. देणगीदाराच्या यादीत नुसती शीर्षकं होती, लेखकांचा पत्ता नव्हता. मी रात्री नऊपर्यंत बसून यादीवरूनच चिठ्ठ्या लिहिल्या आणि शिपायाने त्या पाठकण्यांवर डकवल्या. 'कऱ्हेचे पाणी, खंड 2' याला मी शेतीचा वर्गांक दिला. ड्युईच्या पद्धतीत 630 म्हणजे शेती आणि 920 म्हणजे चरित्र-आत्मचरित्र. नाव ऐकलेलं नव्हतं असं थोडंच? पण रात्री नऊ वाजता 'पाणी' दिसलं की हात आपोआप सिंचनाकडे गेला. सासवडजवळून वाहणारी कऱ्हा, त्या मुलखात जन्मलेला माणूस, त्याचं आत्मचरित्र, सगळं ठिबक सिंचन आणि विहीर पुनर्भरण यांच्या मधोमध जाऊन बसलं.

पंधरा दिवसांनी एक निवृत्त गुरुजी आले. पहिला खंड वाचून संपला होता, दुसरा हवा. नोंदवहीत आहे, देवघेवीत कुणाच्या नावावर नाही, फळीवर नाही. मी तीन दिवस शोधलं. कुठे? आत्मचरित्रांच्या कपाटात, कादंबऱ्यांत, बांधणीला गेलेल्या गठ्ठ्यात. म्हणजे जिथे ते असायला हवं होतं तिथे. जिथे मी स्वतः ते ठेवलं होतं तिथे बघायचं माझ्याही डोक्यात आलं नाही, कारण शोधताना मी शहाणी होते आणि ठेवताना नव्हते. मे महिन्यात ग्रंथपडताळणीला एकेक पुस्तक हातात घेतलं तेव्हा ते निघालं. गुरुजींनी तोवर तिसरा खंड संपवला होता. म्हणाले, "बाई, मधलं आयुष्य मी अंदाजाने वाचलं."

तर पहिली गोष्ट ही. ठेवताना तू एका डोक्याने ठेवतेस आणि शोधणारा दुसऱ्या डोक्याने येतो, मग तो दुसरा सहा महिन्यांनंतरची तूच का असेना. ठेवण्याच्या क्षणी आपल्याला सगळं माहीत असतं आणि त्या माहितीचा माज असतो. 'हे काय विसरणारे मी?' असं वाटलं की तिथल्या तिथे पेन उचल. मी माझ्या मदतनिसांना सांगायची, चिठ्ठी लिहिताना मनात त्या गुरुजींना समोर उभं कर. ते काय विचारतील ते चिठ्ठीवर लिही, तुला काय माहीत आहे ते लिहू नकोस.

गुरुजी काय विचारतील हे मात्र गुरुजीगणिक बदलतं. एक येतो आणि म्हणतो खानोलकरांचं 'कोंडुरा' द्या, दुसरा म्हणतो आरती प्रभूंचा 'जोगवा' द्या. माणूस एकच. तालिकेच्या खणात आमची कार्डं असायची, साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरची, खाली भोक, त्यातून सळई ओवलेली, म्हणजे कुणी कार्ड उपसून नेऊ नये. त्यात एक कार्ड अगदी रिकामं रिकामं दिसायचं. त्यावर एवढंच: 'आरती प्रभू. पाहा: खानोलकर, चिं. त्र्यं.' नव्या पोरांना वाटायचं, यावर पुस्तक नाही, क्रमांक नाही, काढून टाकू. मी म्हणायची, या खणातलं सगळ्यात कामाचं कार्ड तेच. कुसुमाग्रज पाहा शिरवाडकर, गोविंदाग्रज पाहा गडकरी. शोधणाऱ्याच्या तोंडात जे नाव आहे त्या नावापासून आपल्या नावापर्यंत आपण त्याला हाताला धरून आणायचं. त्याला आपलं नाव पाठ नाही यात त्याचा गुन्हा काय?

तुला वाटेल आत्या जुन्या खणात अडकली. मग तुझ्या संग्रहातल्या बेडकांचं घे. मागच्या दिवाळीत तूच सांगितलंस की आंबोलीच्या झुडपी बेडकाला 2009 साली फिलॉटस आंबोली असं नाव मिळालं आणि पुढे वंश बदलून ते स्यूडोफिलॉटस आंबोली झालं. जुना लेख वाचून आलेला पोरगा जुनंच नाव टाकणार. तुझ्याकडे फक्त नवं असेल तर त्याच्या दृष्टीने तुझ्याकडे तो बेडूकच नाही. तिथे 'पाहा' कार्ड घाल. स्थानिक लोक त्याला काय म्हणतात तेही घाल.

आणि तुझा संग्रह तर बेडकांच्या आवाजांचा. पुस्तक निदान उघडलं की नाव सांगतं, बेडकाचा आवाज काय सांगणार? फाइलचं नाव 'आवाज 17' असेल तर ते ध्वनिमुद्रण म्हणजे पोत्यात घातलेलं मांजर. कुठल्या डबक्याशी, किती वाजता, पाऊस पडत होता की थांबला होता, यंत्र कुठलं, कुणी धरलं होतं, हे शब्दांत लिहिलेलं नसेल तर जगातली कुठलीही चौकट ते काढून देणार नाही. वर्णनाचा कंटाळा करू नकोस. आणि कृपा करून 'इतर' नावाचा खण करू नकोस. 'संकीर्ण', 'महत्त्वाचे', 'नवीन' हेही नको. 'संकीर्ण' हे आमच्या वाचनालयातलं सगळ्यात मोठं कपाट होतं आणि त्यात काय आहे हे त्या कपाटालाही माहीत नव्हतं.

संशोधनातली माहिती कशी ठेवावी याच्या त्या फेअर तत्त्वांचा कागद तू पाठवला होतास, 2016 साली 'सायंटिफिक डेटा' या नियतकालिकात आली ती. पहिलंच अक्षर एफ, फाइन्डेबल. मी चष्मा लावून वाचलं आणि हसले. ते म्हणतात, प्रत्येक गोष्टीला जगात एकमेव असा, कायम टिकणारा क्रमांक हवा. आमचा दाखल क्रमांक! पुस्तक गहाळ झालं, रद्दीत गेलं, तरी त्याचा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही, हा दाखल नोंदवहीचा पहिला नियम. वर्गांक उद्या बदलेल, कपाट बदलेल, दाखल क्रमांक बदलत नाही. मग म्हणतात भरपूर वर्णन हवं. ते आमचं कार्ड. त्या वर्णनात तो क्रमांक स्पष्ट लिहिलेला हवा. कार्डाच्या कोपऱ्यात आम्ही तो लिहायचोच, नाहीतर कार्ड एकीकडे आणि पुस्तक दुसरीकडे. आणि शेवटी हे सगळं शोधता येईल अशा सूचीत नोंदलेलं हवं. ती सळई ओवलेली तालिका. तुझे सर ज्याला नवीन म्हणतात ते आमच्या खणात धूळ खात पडलंय, फक्त आमच्याकडे वाचणारं यंत्र नव्हतं, माणूस होता. माणूस चूक समजून घेतो, यंत्र घेत नाही. एवढा फरक मोठा आहे खरा.

तो किती मोठा, हे 'कऱ्हेचे पाणी' दुसऱ्यांदा हरवलं तेव्हा कळलं. वाचनालयात संगणक आला, सगळी तालिका त्यात चढवली, कार्डांचे खण माळ्यावर गेले. एक दिवस मी स्वतः शोधाच्या चौकटीत 'कऱ्हेचे' टाकलं. शून्य निकाल. पुस्तक माझ्या डोळ्यांसमोर फळीवर, 920 मध्ये, बरोबर जागी! आणि संगणक म्हणतो नाहीच. नोंदी चढवणाऱ्या मुलाला बोलावलं. त्याने यादी उघडून दाखवली, 'कऱ्हेचे पाणी' तिथे ठसठशीत दिसत होतं. माझं टंकलेलं आणि त्याचं टंकलेलं एकाखाली एक ठेवलं, केसाचा फरक नाही.

फरक आत होता. आपला तो ऱ्ह दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, युनिकोडमध्ये ऱ असं स्वतंत्र अक्षर आहे ते घेऊन त्याचा पाय मोडायचा. दोन, साधा र घेऊन पाय मोडायचा आणि पुढे एक न दिसणारी जोडखूण घालायची. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. त्याच्या कळफलकाने एक केलं, माझ्याने दुसरं. 'ॲ'चंही तसंच, एकसंध टंकता येतो किंवा अ वर चंद्र ठेवून. त्याशिवाय कवि-कवी, मंदिर-मन्दिर हे आपले घरचेच तंटे. आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टंकलेलं तर विचारूच नकोस. वर मराठी दिसतं, आत रोमन अक्षरांचा भाजीपाला. छापायला उत्तम, शोधायला शून्य. पानांचे फोटो काढून पीडीएफ केलेल्या जुन्या अंकांचीही तीच कथा, चित्रात शब्द कुठून शोधणार?

त्यावर आम्ही काय केलं? पुन्हा 'पाहा' कार्ड. प्रत्येक नोंदीत एक जादा रकाना ठेवला आणि त्यात लोक जसं टंकतील तसं सगळं घातलं, चुकीचं ऱ्हस्व-दीर्घसुद्धा. एका समितीसदस्याला हे अजिबात रुचलं नाही. वाचनालयाने अशुद्ध मराठी नोंदवायची म्हणजे काय? मी म्हटलं, काका, शीर्षकाच्या रकान्यात शुद्धच आहे. पण दारात येणारा जसा येईल तसा आत घ्यायचा ना? ते शेवटपर्यंत घुश्शात होते. माझं मत अजून तेच आहे.

एक गोष्ट मात्र मी उशिरा शिकले, ती तुला लवकर सांगते. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने वाचनालयातून रोज फोन यायचे. मॅडम, जुन्या दिवाळी अंकांची यादी कुठंय? मॅडम, बांधणीवाल्याची पावती? मला बरं वाटायचं. आपल्यावाचून अडतंय म्हणजे आपण कामाच्या होतो. तुझे काका एकदा जेवताना म्हणाले, "तू इतकी वर्षं नीट लावलं होतंस ना सगळं? मग हे फोन कसले?" घास तोंडातच राहिला. प्रत्येक फोन म्हणजे माझ्या डोक्यात ठेवलेली आणि कपाटात न ठेवलेली एक गोष्ट. दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही घेतली आणि वाचनालयात जाऊन चार दिवस बसले. काय कुठे आहे, कुठल्या नावाने आहे, आधी कुठे होतं. हरवलेल्या पुस्तकांचीही पानं केली, कार्डावर 'गहाळ' लिहून कार्ड जागेवर ठेवायचं, फेकायचं नाही, असं ठळक लिहिलं. पुस्तक नसलं तरी ते होतं हे कळायला हवं. शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, ती 1943 साली छापून आली. त्यातलं एखादं पुस्तक आज पाहायला मिळो न मिळो, ते छापलं गेलं होतं हे तरी त्यामुळे कळतं.

वही देऊन आले. फोन कमी होत होत बंद झाले. पहिला फोन न आलेला आठवडा जरा जड गेला, खोटं कशाला बोलू.

वाक्यात वापरताना एवढं सांभाळ. फाइन्डेबल एकटा टाकलास की अर्धवट वाटतो. कुणाला, कुठे, हे जोड. 'ही ध्वनिमुद्रणं संग्रहात विद्यार्थ्यांनाही सहज सापडण्याजोगी आहेत' असं लिही. 'शोधण्यायोग्य' लिहू नकोस. ते शोध घेण्याच्या लायकीचं असं वाटतं आणि बेडूक हरवल्यासारखं ऐकू येतं. 'सहज उपलब्ध' तर नकोच, कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे तुला सांगितलंच.

आणि सरांकडे पाठवायच्या आधी एक कर. या रविवारी घरी जाशील तेव्हा माझ्या दादाला संगणकासमोर बसव. त्याला सांग, "बाबा, आंबोलीचा, पाऊस थांबल्यावर ओरडणारा बेडूक काढून द्या." तू शेजारी बसायचं, हात मांडीवर, तोंड बंद. 'तिथे नाही, वरती' असंही म्हणायचं नाही. दादा पाच मिनिटांत चिडला तर तुझा संग्रह नापास. पण तो तसाही चिडतो, म्हणून दहा धर.

तुझी,
आत्या